शेजाऱ्याचं आडनाव

सुभाष शेलगावकरला कुणाचा हेवा वाटत नाही, असं त्याला ओळखणारे सगळे सांगत, आणि ते बऱ्यापैकी खरं होतं. अमेरिकेत रेडमंडच्या एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत तो टेस्टर होता, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका दिवसभर शोधत बसायचं. बरोबरचे लोक मॅनेजर झाले, कुणी तळ्याकाठी घर घेतलं, कुणी पोरांना पियानो पुरेना म्हणून तलवारबाजीच्या क्लासला घातलं. सुभाष त्यांच्या पार्ट्यांना जाई, दोन समोसे जास्तीचे खाई आणि घरी येऊन शांत झोपे. हेवा वाटायचा तो फक्त एका माणसाचा, आणि तोही त्याच्या आडनावाचा. आडनावाचा हेवा करणं हे काही शहाण्या माणसाचं लक्षण नव्हे हे त्यालाही कळत होतं. म्हणून ही गोष्ट त्यानं बायकोलासुद्धा सांगितली नव्हती.

तो माणूस म्हणजे शेजारचा रसेल पिंडर. सत्तरीचा, उंच, खांद्यात वाकलेला, विमानाच्या कारखान्यातून रिटायर झालेला आणि बायको गेल्यापासून एकटा राहणारा. २००३ च्या नोव्हेंबरात सुभाष आणि संघमित्रा सात वर्षांच्या उपासनाला घेऊन या घरात राहायला आले, आणि त्याच आठवड्यात असा काही वारा सुटला की त्यांचा रद्दीचा निळा डबा गडगडत गल्लीच्या पार टोकाला गेला. पावसात भिजत पिंडर तो ओढत घेऊन आला आणि दारात उभा राहून म्हणाला, "भटकलेलं हाकून आणायचं हे आमच्या घराण्याचं कामच आहे. आडनावच तसं आहे आमचं."

झालं, तिथून सुरू झालं. चहा होईपर्यंत पिंडरनं सगळा इतिहास सांगून टाकला. जुन्या इंग्लंडातल्या खेड्यांत दगडी भिंतीचं एक आवार असायचं, म्हणजे आपला कोंडवाडा. मोकाट गुरं कुणाच्या पिकात शिरली की ती पकडून तिथे कोंडायची आणि मालक दंड भरीपर्यंत राखायची. हे काम करणारा तो पिंडर. गावाची सभा त्याला निवडायची, त्याबद्दल कसायला जमिनीची एक पट्टी द्यायची. कामावरून हाक मारता मारता पाच-सहाशे वर्षांपूर्वी तेच नाव मुलानातवंडांना चिकटलं. यॉर्कशरकडे अजून पिंडर सापडतात, बाकी ठिकाणी क्वचितच. "लोक भयंकर शिव्या घालायचे आम्हाला," पिंडर आनंदानं सांगत होता. "भिंत फोडून गुरं सोडवून न्यायचे. त्याची वेगळी शिक्षा होती!" १९९८ साली तो मुद्दाम ते गाव बघायला गेला होता. त्या दगडी आवारात हातापायांवर उभा राहून बैलासारखं तोंड केलेला त्याचा फोटो त्याच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावलेला होता, आणि शेजारी आडनावाचा अर्थ लिहिलेला कागद, तोही फ्रेममध्ये.

संघमित्रा हसली, उपासना तर लोळायचीच बाकी राहिली. सुभाषही हसला. पण आत कुठेतरी चरचरलं ते चरचरलंच.

कारण सुभाषचा आजोबा सटवा हा मराठवाड्यातल्या शेलगावचा येसकर होता. गावाची वेस राखायची, आल्यागेल्याची खबर पाटलाला द्यायची, सरकारी कागद घेऊन पुढच्या गावापर्यंत पळायचं, मेलेलं जनावर ओढून न्यायचं आणि मोकाट गुरं हाकून कोंडवाड्यात घालायची. हातात घुंगरं लावलेली काठी. संध्याकाळी भाकर मागायला निघाला की ती काठी आपटत जायचं, आणि आवाज आला की बाया हात लागणार नाही अशा बेतानं वरूनच भाकर टाकायच्या. सटवाबाला कुठल्या सभेनं निवडलं नव्हतं. हे काम जन्मताच मिळायचं आणि सोडायची सोय नव्हती. पुढे सुभाषच्या वडलांना शाळेत घातलं तेव्हा मास्तरनं काही न विचारता आडनावाच्या जागी तेच लिहून टाकलं, येसकर.

विसाव्या वर्षापर्यंत सुभाषही येसकरच होता. औरंगाबादला इंजिनिअरिंगच्या होस्टेलात पहिल्या दिवशी खोलीच्या दारावर नावांची यादी लागली, आणि दुपारी तो परत आला तेव्हा खोलीतला पाण्याचा माठ उचलून दुसऱ्या पोरांनी आपल्या कपाटावर चढवला होता. कुणी काही बोललं नाही. त्यानंही विचारलं नाही. पुढच्या वर्षी गॅझेटमध्ये दोन ओळी छापून आल्या आणि सुभाष येसकरचा सुभाष शेलगावकर झाला. वडील तोवर शाळामास्तर झाले होते. ते म्हणाले, "टाकलंस ते बरं केलंस. ते आडनाव नव्हतंच, लादलेलं काम होतं. पण कशासाठी टाकलं ते पोराबाळांना सांग म्हणजे झालं." सुभाषनं हो म्हटलं. या गोष्टीला आता एकोणीस वर्षं होत आली होती आणि सांगायचं तेवढं राहून गेलं होतं.

उलट न सांगण्याची त्याला छान सवय लागली होती. इथल्या मराठी मंडळाच्या पहिल्याच संक्रांतीला आश्लेषा सबनीसनं त्याला गाठलं होतं. ही दोन गल्ल्या पलीकडे राहणारी, पुण्याची, मंडळाचा कुठलाही कार्यक्रम हिच्याशिवाय होत नसे. "शेलगावकर म्हणजे जालन्याचे शेलगावकर का? आमच्या आत्याच्या शेजारी होते, वकील." सुभाषनं मान हलवली. ती हो अशीही दिसत होती आणि नाही अशीही. तेवढ्यावर सगळं भागलं.

संघमित्राला या मान हलवण्याची चीड होती. ती नागपूरची. चौदा एप्रिलला कम्युनिटी हॉल घेऊन दहा-बारा कुटुंबांना जमवायची, निळी साडी नेसून सगळ्यांना खीर वाढायची. "माझं नाव ऐकल्याबरोबर त्यांना सगळं कळतं," ती म्हणायची. "ते विचारत नाहीत, तू सांगत नाहीस. बसा एकमेकांकडे बघून माना हलवत! आणि शेलगावकर हे काय आडनाव आहे? एसटीची पाटी आहे नुसती." पण सटवाबाची गोष्ट उपासनाला तिनंही सांगितली नाही. तुझा आजोबा आहे, तूच सांग, असं तिचं म्हणणं होतं.

तर हेवा होता तो असा. पिंडरच्या नावातला शेणाचा वास केव्हाच उडून गेला होता. तो ते नाव शर्टासारखं अंगावर घालून हिंडायचा, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा आणि लोक त्याला वा वा म्हणायचे. काम तेच, गुरं तीच, शिव्याही त्याच. मग ह्याचा फोटो फ्रेममध्ये आणि आमचं नाव गॅझेटात पुरलेलं, हे असं का? सुभाषला कधी कधी वाटे, म्हाताऱ्याच्या हॉलमधली ती फ्रेम जरा तिरकी करून यावी. एकदा खरंच केली. पुढच्या वेळी गेला तेव्हा ती सरळ होती.

२००७ च्या वसंतात उपासना पाचवीत होती. टीचरनं सांगितलं, प्रत्येकानं आपल्या आडनावामागची गोष्ट पोस्टरवर मांडायची, मेमध्ये संध्याकाळी आईबाप बघायला येणार. उपासना वही घेऊन सुभाषसमोर बसली.

"बाबा, शेलगावकर मीन्स व्हॉट?"

"शेलगाव हे गावाचं नाव. तिथले म्हणून शेलगावकर."

"अँड?"

"आणि काय? संपलं."

"बट आपण तिथे काय करायचो? लाइक, जॉब काय होता?"

सुभाषनं टीव्हीचा आवाज थोडा वाढवला. "शेती," तो म्हणाला.

ओट्याशी संघमित्रा भाजी चिरत होती. सुरी थांबली. मग पुन्हा चालू लागली.

उपासनानं वहीत एक ओळ लिहिली आणि तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली. एका ओळीचं पोस्टर होत नाही. दुसऱ्या दिवशी तिनं टीचरला विचारलं, आपल्या नावाला गोष्ट नसेल तर ओळखीच्या माणसाचं चालेल का? टीचर म्हणाली, चालेल. त्या दिवसापासून शाळेतून आली की दप्तर टाकायचं आणि वही घेऊन पिंडरकडे पळायचं, हे सुरू झालं.

घरून काम करायचे दिवस सुभाष स्वयंपाकघराच्या खिडकीशी लॅपटॉप घेऊन बसायचा. तिथून पिंडरचा मागचा व्हरांडा दिसायचा. म्हातारा हातवारे करून सांगतोय, पोरगी खाली मान घालून लिहितेय, मधेच दोघं हसताहेत. जेवताना तिच्या तोंडी तेच. बाबा, तुला माहितीये, पिंडरला गावाचा प्रत्येक बैल ओळखावा लागायचा! बाबा, तुझ्या आजोबांकडे बैल होते? सुभाष "असतील" म्हणायचा आणि वरण वाढून घ्यायचा. आपल्या पोरीनं दुसऱ्याचा पणजोबा दत्तक घेतला, आणि आपलाच घरात उपाशी बसलाय, असं त्याला वाटायचं. रागही येत होता, पण कुणावर काढायचा तेच ठरत नव्हतं. पिंडरकडून मागून आणलेली शिडी त्यानं मुद्दाम तीन आठवडे परत केली नाही.

शेवटी त्यानं जे येतं ते केलं. चुका शोधणं हा त्याचा धंदाच होता. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत तो पिंडर या नावाच्या मागे लागला, आणि चार दिवस खोदून त्याला हवं ते मिळालं. एका जुन्या खेड्याच्या न्यायसभेच्या नोंदीत लिहिलं होतं की तिथल्या पिंडरला शिक्षा झाली. गुन्हा काय, तर चांगली आपल्या रानात चरणारी गुरं हा स्वतःच बाहेर हुसकायचा, मग मोकाट सापडली म्हणून कोंडायचा आणि दंड खायचा. सुभाषनं टेबलावर थाप मारली. शेजारच्या क्युबिकलमधल्या माणसानं डोकं वर काढून बघितलं.

प्रिंट काढून तो संध्याकाळी थेट पिंडरच्या दारात गेला. शिडीही घेऊन गेला, नेहमीचं येणं वाटावं म्हणून. "तुमच्या नावाबद्दल थोडं सापडलं," तो शक्य तितक्या साळसूदपणे म्हणाला. "वाईट वाटून घेऊ नका."

पिंडरनं चष्मा लावला. वाचता वाचता त्याचे खांदे हलायला लागले, आणि मग तो इतका हसला की त्याला भिंतीला टेकावं लागलं. "चोर! माझा पणजा-खापरपणजा चोर होता!" त्यानं सुभाषचे दोन्ही हात धरले. "हे तू माझ्यासाठी शोधलंस? उपासनाच्या पोस्टरवर हे आलंच पाहिजे." सुभाष घरी आला तेव्हा त्याच्या हातात पिंडरच्या बागेतली पालकाची जुडी होती, आणि पुढच्या आठवड्यात हॉलमध्ये तिसरी फ्रेम लागली. सुभाषनं मारलेला दगड म्हाताऱ्यानं झेलून शोकेसमध्ये ठेवला होता. ज्याला लाजच वाटत नाही त्याला लाजवायचं कसं? आपल्याला नेमका कशाचा हेवा वाटतो, ते त्या दिवशी सुभाषला लख्ख कळलं. म्हणून तो कमी झाला असं मात्र नाही, वाढलाच.

मेमधल्या त्या संध्याकाळी शाळेच्या जिममध्ये पोस्टरं उभी होती. साडेसहा वाजले तरी उन्हं खिडकीतून आत येत होती. उपासनाच्या पोस्टरवर दगडी आवार, आत सात गाई, आणि दारात लांब काठी घेतलेला धिप्पाड माणूस. वर मोठ्या अक्षरांत पिंडर. खाली चोरीची हकिकतही होती. आणि बाजूला सूट घालून, केस पाण्यानं चापून बसवून स्वतः रसेल पिंडर उभा होता. उपासनानं त्याला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. टीचर त्याच्याशी हात मिळवत होती, पोरं त्याला प्रश्न विचारत होती.

शेजारचंच पोस्टर आश्लेषाच्या इशिताचं. सबनीस म्हणजे शिवकाळात लष्कराची हजेरी ठेवणारे, वगैरे सगळं सोनेरी शाईनं लिहिलेलं. आश्लेषा आणि तिचा नवरा अरुण येणाऱ्याला समजावून सांगत होते.

"सुभाष, उपासनानं तुमचं का नाही केलं रे?" आश्लेषानं विचारलं. "शेलगावकर इतकं छान नाव आहे."

सुभाष मान हलवणार, एवढ्यात पिंडर वळला. "उपासना म्हणते तुमचे लोक शेतकरी. मग आपलं काही पटलं नसतं! गुरं तुमची, कोंडणारा मी. शिव्या देणारे तुम्हीच ते!" आणि तो दिलखुलास हसला. आजूबाजूचेही हसले.

बिचारा थट्टा करत होता. पण सुभाषच्या डोक्यात काहीतरी सटकलं. साडेतीन वर्षं या माणसानं आजोबाची जागा अडवली ती अडवलीच, आणि आता सटवाबाला उचलून नेऊन पाटलाच्या ओट्यावर बसवलं! तेवढं मात्र त्याला सोसवेना.

"माझ्या आजोबाकडे एक शेळीसुद्धा नव्हती," तो म्हणाला. आवाज त्याला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. "शेती मी खोटं सांगितलं. तो तुमच्या माणसाचंच काम करायचा. गावची गुरं कोंडवाड्यात घालायचा. येसकर म्हणायचे त्याला. माझं आडनाव तेच होतं, मी बदललं."

संघमित्रा पलीकडच्या रांगेतून हळूहळू जवळ आली. आश्लेषा "हो का? इंटरेस्टिंग," म्हणाली आणि इशिताच्या पोस्टरचा न निघालेला कोपरा चिकटवू लागली. अरुण म्हणाला, "कधी बोलला नाहीस यार," आणि त्यानं घड्याळ बघितलं.

पिंडरचा चेहरा उजळला. त्यानं हात पुढे केला. "म्हणजे आपण एकाच धंद्यातले!"

"नाही," सुभाष म्हणाला. हात त्यानं घेतला नाही. "तुमच्या माणसाला गावानं निवडलं होतं. जमीन दिली होती. त्याला नको झालं असतं तर तो सोडू शकला असता. माझ्या आजोबाला गावाच्या विहिरीवर पाणीही भरता येत नव्हतं. भाकर वरून टाकायचे त्याला. आपलं काम एक होतं, पण आपण एक नव्हतो."

पिंडरनं हात खाली घेतला. मग त्यानं नेहमीपेक्षा खालच्या आवाजात विचारलं, "त्याच्याकडे काठी होती?"

"होती. घुंगरांची."

"अजून आहे तुमच्याकडे?"

"नाही. जाळली त्यानं." सुभाषला ही गोष्ट वडलांनी इतक्या वेळा सांगितली होती की ती आपोआप बाहेर येऊ लागली. "छप्पन साली. नागपूरला दीक्षा झाली, मग आमच्या गावातल्या लोकांनीही घेतली. आजोबा भर दुपारी चावडीवर गेला. पाटील, तलाठी, सगळे बसले होते. म्हणाला, उद्यापासून वेस तुमची तुम्ही राखा. घरी आला, काठी गुडघ्यावर मोडली आणि चुलीत घातली. आजीनं तिच्यावर भाकरी भाजल्या. घरच्या पिठाच्या. वडील नऊ वर्षांचे होते तेव्हा. घुंगरं राखेतून त्यांनी वेचून काढली."

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की उपासना बाजूलाच उभी आहे. तिच्या हातात काळा मार्कर होता. पोस्टरवरच्या धिप्पाड माणसाकडे तिनं एकदा बघितलं, मग बापाकडे.

"वेट. ही सेड इट टू देम? सगळ्यांसमोर?"

"हो."

"आणि मग काठी जाळली. मीन्स, इट वॉज ओव्हर."

"हो."

"मग तू काय लपवत होतास, बाबा?"

होस्टेलातला माठ सुभाषला आठवला, दारावरची यादी आठवली, पण यातलं काहीच तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. त्यानं संघमित्राकडे पाहिलं. ती मदतीला आली नाही.

उपासनानं उत्तराची जास्त वाट बघितली नाही. तिनं पोस्टर उचललं आणि उलटं करून परत उभं केलं. मागची बाजू कोरी होती. तिनं मार्करचं टोपण काढलं आणि तो बापाच्या हातात दिला. "तू लिही. मला स्पेलिंग नाही माहीत."

एकोणीस वर्षांत सुभाषनं ते नाव कशावरही लिहिलं नव्हतं. इंग्रजीत लिहायचं हे विसरून त्यानं सवयीनं मराठीतच सुरुवात केली. 'ये' काढून झाल्यावर हात जरा थांबला. आश्लेषा बघत होती, अरुण बघत होता, आणि पिंडर चष्मा पुसून पुढे वाकला होता. आज त्याच्याकडे सांगायला काही नव्हतं, आणि सुभाषला त्याचा हेवाही वाटत नव्हता. हेवा वाटत होता तो सटवाबाचा. त्यानं चारचौघांत सांगितलं, काठी मोडली, स्वतःच्या घरची भाकरी पोटभर खाल्ली आणि त्या दुपारी, वडील सांगायचे, तो पहिल्यांदा दिवसाढवळ्या दार उघडं टाकून ढाराढूर झोपला.

सुभाषनं पुढची अक्षरं लिहायला घेतली.